पापणीवरचा भंडारा

आमचे दाजी पन्नाशी गाठायच्या आत मरणार आहेत, ही गोष्ट निंबेवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मनकर्णाताईचे मालक. सहादेव रंगनाथ गरड, तालुका शेवगाव. मी छगन, एसटीत कंडक्टर. माणसांना ओरडून मागं सरकवण्यात माझी हयात चालली आहे, तेव्हा बोलण्यात जरा तिखट लागलं तर वर पाणी प्या. शिवाय ज्याची सायकल दुसऱ्यानं सहा वर्षं वापरली, त्याला चार शब्द बोलायचा हक्क असतोच.

सायकलीचं असं झालं. मी शेवगाव डेपोला लागलो तेव्हा हौसेनं नवी सायकल घेतली आणि बहिणीला दाखवायला निंबेवाडीला गेलो. दाजींनी घंटी दोनदा वाजवून पाहिली, सीटवरून हात फिरवला आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "झ्याक हाय. मला काय, आता उरलंय किती? दोन-चार म्हैने बसलो असतो, एवढंच." ताईनं लगेच डोळ्याला पदर लावला. मी सहा मैल चालत परत आलो. ते दोन-चार महिने सदुसष्ट साली सुरू झाले होते.

"उरलंय किती" हा दाजींचा मंत्रच होता. कोंबडीची तंगडी कुणाच्या ताटात जायची, पारावर सावलीतली जागा कुणाची, भजनात पुढं कोण बसणार, या सगळ्या प्रश्नांना निंबेवाडीत एकच उत्तर होतं. बांधावर आंबा लावा म्हणून कुणी सुचवलं की दाजी म्हणायचे, "लावीन, पर खानार कोन?" त्यामुळे गरडांच्या सात एकरांत झाड म्हणून एक बाभूळ होती, तीही आपोआप उगवलेली. जड काम त्यांनी पस्तिशीतच सोडलं होतं. छातीला नेमकं काय झालंय हे त्यांना कुणी विचारलं नाही, कारण घराण्याचा दाखला भक्कम होता.

दाजींचे आजे श्रीमंत गरड मोटेवर बैल हाकताना गेले. गाणं म्हणत होते, अर्ध्या ओळीत थांबले आणि बैल मात्र नेमानं मागं-पुढं जात राहिले. वय एकोणपन्नास. धाकटे चुलते सत्तेचाळिसाव्या वर्षी, बिनलग्नाचेच, देवळाच्या पायरीवर बसल्या बसल्या गेले. वडील रंगनाथ तर भर पंगतीत गेले. भाकरी घ्यायला हात पुढं केला, आणि हात पुढं तसाच राहिला. अठ्ठेचाळीस. लोक म्हणायचे, गरडांच्या पुरुषाला पन्नाशीचा उंबरा नाही.

या घराण्याची आणखी एक खूण होती. पस्तिशी-चाळिशीला आलं की गरडांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळे धमक दाणे उठायचे. दुखत नसत, खाजत नसत. कुलदैवत खंडोबा, म्हणून गाव म्हणायचं, देवानं भंडारा लावलाय. गरडांना त्याचा मोठा तोरा. सोयरीक बघायला गेले तरी मान जरा वर करून बसायचे, म्हणजे समोरच्याला पापणी दिसावी. भंडारा लागला की माणूस देवाचा झाला, आणि देवाचं माणूस देव लवकर नेतो, असा तो सगळा हिशेब होता.

दाजींच्या पापणीवर मात्र भंडारा उठला नाही. ते शल्य त्यांच्या मनात सलत होतं, कारण दाजी दत्तक होते.

रंगनाथ गरडांना एकच मुलगी, चांगुणा. मुलगा नाही. घराण्याला पाणी द्यायला कुणीतरी पाहिजे, म्हणजे मेलेल्या पितरांना ओंजळीनं पाणी सोडायला मुलगा पाहिजे, म्हणून त्यांची बायको बनुबाई आपल्या माहेरी, नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात गेल्या आणि भावाचा पाच वर्षांचा पोरगा घेऊन आल्या. होम झाला, पोरगं मांडीवर बसलं, गावात साखर वाटली. साखरेची परात डोक्यावर घेऊन घरोघर कोण फिरलं, तर नऊ वर्षांची चांगुणा. आपल्याला भाऊ मिळाला म्हणून ती पळत पळत वाटत होती, असं जुनी माणसं सांगतात.

आता कुणी म्हणेल, पोरगं जर अकोल्याचं, तर त्याला गरडांचं दुखणं कसं लागेल? हे निंबेवाडीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. दत्तक झालं की कूळ बदललं, देव बदलला, सातबाऱ्यावर नाव चढलं. शेताबरोबर बांधावरची बाभूळ येते, तसं घराण्याबरोबर घराण्याचं मरण आलं. उलट दाजींनी तरणेपणीच मरायला पाहिजे, नाहीतर दत्तक नीट लागला नाही असं भावकी म्हणेल, असंच त्यांना आतून वाटत असावं. मरणाच्या बाबतीत कुणी बोट ठेवायला जागा नको.

चाळिशीत त्यांनी शेवगावला जाऊन फोटो काढला, भिंतीवर लावायचा. निघताना पापण्यांना हळद फासली. फोटो काळा-पांढरा. त्यात हळद काय दिसणार? डोळे आल्यासारखे दिसतात, एवढंच. तो त्यांनी हाराला पुरेल इतका मोठा खिळा ठोकून ओसरीवर टांगला आणि त्याच्याच खाली बाजेवर बसायला लागले. नवा पाहुणा आला की आधी फोटोकडं बघून टोपी काढायचा आणि मग खालून "या, बसा" ऐकून दचकायचा.

आता चांगुणाअक्काचं सांगतो. चौदाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी नवऱ्याला साप चावला, आणि दिरांनी तिला बापाच्या दारात आणून सोडली. तेव्हापासून ती याच घरात. पदर कपाळाखाली ओढलेला, जवळजवळ नाकापर्यंत. पायात वहाण नाही. टाचेमागची शीर अशी जाड झाली होती की वहाणेचा पट्टा बसतच नसे. सकाळी उठून दाजींना सोललेल्या लसणाच्या पाच पाकळ्या द्यायच्या, दुपारी पायाला तेल चोळायचं, विहिरीचं पाणी, जनावरांचं पाणी, भाकरी, सगळं अक्काकडं. माझी बहीणही कामाची होती, पण अक्काचा झपाटा निराळा. दाजींनी रिकामी घागर जरी उचलली तरी ती ओरडायची, "सहादू, ठिव खाली! छातीवर ताण येईल."

तिची भीती खोटी नव्हती. बाप गेला त्या पंगतीत वाढायला तीच होती. तिच्याच हातातली भाकरी घ्यायला त्यांनी हात पुढं केला होता.

बहात्तर सालच्या चंपाषष्ठीची गोष्ट. दुष्काळ होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, माणसं खडी फोडायला जात होती. तरी खंडोबाला भरीत-रोडगा चुकवायचा नाही. कुठून तरी वांगी आणली, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले. देवाला दोन रोडगे ठेवले आणि दाजींनी नऊ खाल्ले. "उरलंय किती," म्हणून ताईनंही वाढले. अर्ध्या तासात दाजी छाती धरून बाजेवर आडवे.

मी तेव्हा पैठणहून शेवगावला येणाऱ्या गाडीवर होतो. निंबेवाडी फाट्याजवळ ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. बघतो तर रस्त्याच्या मधोमध चांगुणाअक्का, एक हात आडवा केलेला. गावापासून फाटा दीड मैल. ती पळत आली होती. मार्गशीर्षाची थंडी, आणि बाई घामानं निथळत होती. तोंड राखेसारखं. दुसऱ्या हातानं छातीखाली चोळी घट्ट धरली होती.

"छगन, सहादू गेला रं... हार्टफेल..." एवढंच बोलली.

मी काय केलं? मी शिट्टी मारली. "अक्का, वाटंतून बाजूला व्हा, तुमी मागनं या," म्हणालो आणि गाडी गाडीवाटेला घालायला लावली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ते मला अजून खातं.

गाडीत बत्तीस उतारू होते. एकाला कोर्टात तारीख होती, तो तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन ओरडत होता. पण दाजींना उचलून आणल्यावर त्यानंच मांडी दिली. अख्खी गाडी "नाव घ्या, देवाचं नाव घ्या" करायला लागली. कुणीतरी पाणी पाजलं, कुणीतरी कांदा हुंगवला. ओढ्याच्या चढावर गाडी दाणकन आदळली आणि दाजींनी अशी ढेकर दिली की ड्रायव्हरनं आरशात मागं बघितलं. दुखणं तिथंच संपलं होतं. पण बत्तीस माणसांच्या देखत तसं सांगायची लाज वाटली असावी, कारण दाजींनी शेवगाव येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

शेवगावात नुकतेच एक तरुण डॉक्टर आले होते, मुंबईला शिकलेले. आडनाव अवघड, म्हणून सगळे त्यांना राधाकृष्ण डॉक्टरच म्हणत. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली, पोट दाबलं.

"काय खाल्लं होतं?"

"परसाद," दाजी बारीक आवाजात म्हणाले.

"किती?"

"नऊ रोडगं," मी सांगितलं. चुगली करायची ती संधी मी सोडली नाही.

"हा झटका नाही," डॉक्टर म्हणाले. "हे वांगं आहे."

दाजींना हा मोठा अपमान वाटला. परत येताना म्हणाले, "डाक्तर शिकाऊ दिसतोय." घरी आलो तर अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. मैलाच्या दगडापाशी घटकाभर बसले, पित्त झालं हुतं, एवढंच म्हणाली. भाऊ जिवंत बघून तिनं खंडोबाला हात जोडले आणि तव्यावरची भाकरी उलटली.

आता खरी घटका जवळ आली. शाळेच्या रजिस्टरात दाजींची जन्मतारीख एक जून तेवीस. तशी निंबेवाडीत सगळ्यांचीच एक जून होती. मास्तरांनी अख्खं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. पण कागद तो कागद. एक जून त्र्याहत्तरला दाजींना पन्नास पूर्ण होणार, म्हणजे जे काही व्हायचं ते एकतीस मेच्या आत. एकतीस तारखेला सकाळपासून पाहुणे यायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं, पण नंतर धावपळ नको असा सगळ्यांनी विचार केलेला. दाजींचे दोन्ही जावई आले. भावकीतली कडूबाई रडायच्या तयारीनं पुढं जागा धरून बसली. अकोल्याहून दाजींचे जन्मदाते वडील गोरक्षनाथ आले, वय चौऱ्याऐंशी, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. तीन गाड्या बदलून आले होते आणि फाट्यापासून दीड मैल उन्हातून चालत. येऊन त्यांनी शेंगा मागितल्या आणि दातानं फोडून खात बसले.

दाजी नवं धोतर नेसून स्वतःच्या फोटोखाली आडवे झाले होते. एकेकाला जवळ बोलावून काही सांगत होते. मला म्हणाले, "छगन, सायकलीची घंटी वाजत न्हाई, तेवढी बघ." चाळीस माणसांच्या भाकऱ्या चालल्या होत्या. गावची विहीर आटली होती, पाणी अर्ध्या मैलावरच्या ओढ्यातल्या झिऱ्यावरून आणायचं. दुपारपर्यंत अक्काच्या नऊ खेपा झाल्या होत्या. दहाव्या खेपेला ती दारात हंडा उतरवून भिंतीला टेकली. ताईनं विचारलं, "काय वं अक्का?" तर म्हणाली, "काय न्हाई. दम लागतोय आलीकडं. वय झालं."

मला मात्र हा सगळा तमाशा असह्य झाला. मी दाजींच्या, म्हणजे माझ्या, सायकलीवर बसून शेवगावला गेलो आणि राधाकृष्ण डॉक्टरांच्या हातापाया पडलो. "डॉक्टर, एकदा चला आणि माणूस मरतोय का जगतोय ते चाळीस लोकांसमोर सांगा." ते हसले आणि आपली राजदूत फटफटी काढली.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर दाजींना तपासलं. मग खाली बसून वही काढली.

"वडील कशानं गेले?"

"कुठलं?" दाजींनी विचारलं.

"कुठले म्हणजे?"

"एक पंगतीत गेलं. दुसरं हे काय, शेंगा खात्यात."

डॉक्टरांनी मागं वळून बघितलं. गोरक्षनाथ बाबांनी हात वर केला. मग दत्तकाची सगळी हकिगत निघाली. डॉक्टर उठून बाबांपाशी गेले, नाडी बघितली, छाती बघितली.

"बाबा, तुम्हाला काही त्रास?"

"हाय की. एक दाढ हालतीया."

"आणि तुमचे वडील कशानं गेले?"

"झाडावरनं पडून."

"अरेरे. वय काय होतं?"

"ब्यान्नव. आंबं काढाया चढलं हुतं."

डॉक्टरांनी वही मिटली आणि दाजींकडं असं बघितलं की मला फार बरं वाटलं. "सहादेवराव, तुमचं हृदय तुमच्या या वडिलांचं आहे. गरडांचा आजार रक्तातून उतरतो, दत्तकविधीतून नाही. तुम्हाला काही धाड भरलेली नाही."

गोरक्षनाथ बाबा टरफलं झटकत म्हणाले, "मंग! म्या पोरगं दिलं. रगात कवा दिलं?"

ताई हसू लागली आणि रडूही लागली. जावई एकमेकांकडं बघायला लागले. कडूबाईचा हिरमोड झाला, हे मी स्वतः बघितलं. आणि दाजी? दाजी उठून बसले होते. आनंद व्हायला पाहिजे होता, पण चेहरा असा, की कुणीतरी भर बाजारात त्यांचं धोतर ओढलंय. तीस वर्षांची तंगडी, सावली, मान, सगळं एका वाक्यात गेलं.

तेवढ्यात चांगुणाअक्का डॉक्टरांना हात धुवायला तांब्या घेऊन आली. वाकून पाणी घालताना पदर मागं सरकला. एका हातात तांब्या, दुसऱ्यात टॉवेल, सावरणार कशी? डॉक्टर हात धुता धुता थांबले. पाणी नुसतंच खाली पडत राहिलं. ते अक्काच्या डोळ्यांकडं बघत होते.

दोन्ही पापण्यांवर भंडारा होता. रंगनाथ गरडांनाही नव्हता एवढा, पिवळा धमक. विधवा बाईच्या डोळ्यावर हळदीचा रंग बरा दिसत नाही, म्हणून ती वीस वर्षं पदर नाकापर्यंत ओढून फिरत होती. गावानं तो कधी बघितला नाही. ज्यांनी बघितला, त्यांनी मोजला नाही. बाईच्या पापणीवरचा भंडारा कोण मोजतो?

"या कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"भन माझी," दाजी म्हणाले.

"दत्तक?"

"न्हाई वं, ती रंगनाथआबाची पोटची."

डॉक्टर खाली बसले आणि अक्काच्या टाचेला हात लावायला गेले. ती उडी मारून मागं सरली. "अवो, डाक्तरांनी पाया पडू नी!" मग त्यांनी समजावलं, तेव्हा तिनं पाय पुढं केला. टाचेमागची ती जाड शीर त्यांनी चिमटीत धरून पाहिली, हाताच्या मुठीची हाडं पाहिली. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"हा भंडारा नाही. रक्तात एक प्रकारची चरबी असते. काही घराण्यांत ती जन्मापासूनच फार असते. पापणीवर साठते, टाचेत साठते, आणि हृदयाच्या नळ्यांतही साठते. बापाला असेल तर निम्म्या लेकरांत उतरते. यांना उतरली आहे."

"पर बाईमानसाला कसं?" कडूबाईनं विचारलं.

"त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, आजी. दोघांना सारखंच. बायकांना थोडं उशिरा गाठतं, इतकंच."

"पोरीलाबी वाटा?" कडूबाईनं तोंडावर हात ठेवला.

त्यावर बोलली ती अक्काच. पदर सावरत, हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी आबानं मलाबी कायतरी दिलं म्हनायचं." आणि देवाशपथ सांगतो, तिच्या तोंडावर जरासं समाधान होतं. मग तिला चुलीचा वास आला. "भाकर करपतीया," म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी, दाजींच्या एकावन्नाव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मी रजा टाकली आणि दोघांना घेऊन नगरला गेलो. राधाकृष्ण डॉक्टरांची चिठ्ठी होती. तिथं अक्काच्या हाता-पायाला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली. मोठे डॉक्टर ती लांबलचक पट्टी बोटांतून सरकवत बघत राहिले.

"बाई, यापूर्वी तुम्हाला झटका येऊन गेलाय. चार-सहा महिने झाले असतील. छातीत फार दुखलं होतं कधी? घाम आला होता?"

अक्का विचार करायला लागली. "दुखलं हुतं येकदा. चंपाषष्ठीला. सहादूला छातीत आलं, तवा फाट्यावर गाडी धराया पळाले, तवा. हाताला मुंग्या आल्या, डोळ्याम्होरं अंधारी आली. मैलाच्या दगडापाशी बसले घटकाभर."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"त्या दिशी?" अक्काला प्रश्नच कळला नाही. "त्या दिशी मला येळ कुठं हुता?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "वाटंतून बाजूला व्हा" म्हणणारा मीच होतो. दाजी स्टुलावर बसले होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि मुरगाळत राहिले. नऊ रोडग्यांना आम्ही सरकारी गाडी दिली, बत्तीस माणसांची मांडी दिली, आणि खरा झटका रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून आपलं आपण सोसून, उठून भाकऱ्या करायला गेला होता.

जिभेखाली धरायच्या गोळ्या मिळाल्या. तूप बंद, मटण बंद, ओझं बंद, चढ बंद. परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसून बाहेर बघत होती. तिला नगर फार आवडलं. दाजी पलीकडं बसून पार शेवगावपर्यंत रडत होते. शेजारच्यानं विचारलं, कोण वारलं? मी म्हणालो, कुणी नाही, तिकीट घ्या. रजेवर आहे हे विसरूनच गेलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी निंबेवाडीला गेलो. ओसरीवरचा फोटो उतरवला होता. त्या मोठ्या खिळ्याला अक्काच्या गोळ्यांची पिशवी टांगली होती, आणि खालच्या बाजेवर अक्का कानकोंडी होऊन बसली होती. "छगन, सांग रं याला," ती मला बघताच म्हणाली. "मला बसवून ठिवलंय. लसून सोलू देत न्हाई. लोकं काय म्हनतील?"

लोक म्हणत होतेच. मी ओढ्याकडं निघालो तर समोरून दाजी येत होते. माझ्या सायकलीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी हंडे बांधलेले, मध्ये घागर, आणि दाजी हँडल धरून ढकलत होते. ज्या माणसानं पंधरा वर्षांत तांब्या उचलला नव्हता, त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. पारावरची मंडळी टपूनच बसली होती. त्यांतला एक ओरडला, "काय सहादूभाऊ, आता उरलंय किती?"

पार हसला. मीही हसलो, खोटं का बोलू?

दाजींनी सायकल उभी केली, उपरण्यानं तोंड पुसलं. "चार खेपा," ते म्हणाले. कुणीतरी म्हणालं, गडी लावा की एखादा, तुम्ही कशाला? तेव्हा दाजी म्हणाले, "मला या घरात आनलंय ते पानी द्यायलाच. मेल्याव सगळेच देत्यात. अक्काला आत्ताच देतो."

दाजींनी सायकल ढकलायला सुरुवात केली. चढावर हंडे डुचमळायला लागले तसा मी मागून कॅरिअरला हात लावला. घंटी खरंच वाजत नव्हती. ती मी पुढच्या खेपेला बदलून आणली. सायकल मात्र मागितली नाही.